एक मिली आणि तीस गोळ्या

सकाळचे साडेसहा. आमच्या सर्जरी सेंटरमध्ये पडद्याआडच्या खाटेवर एक काकू गाऊन घालून बसल्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून, दुपारपर्यंत घरी. माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अगं, तू मराठी!" मग माझा हात धरून, नर्सला कळू नये अशा आवाजात (नर्सला मराठी येत नाही हे लक्षात न घेता) म्हणाल्या, "तेवढं ते फेंटानिल मात्र नको हं देऊस मला. मी सगळं बघितलंय नेटफ्लिक्सवर."

काकूंची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. पण असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. मी न्यू जर्सीत भूल देते. गेल्या काही वर्षांत आठवड्यातून एखादा तरी पेशंट हे वाक्य बोलतोच. देशी असो, गोरा असो, हातावर वाघ गोंदवलेला ट्रकवाला असो. पूर्वी लोक विचारायचे, "हेच का ते मायकेल जॅक्सनचं औषध?" ते प्रोपोफॉलबद्दल असायचं, २००९ नंतर. ती भीती दोनेक वर्षांत ओसरली. फेंटानिलची ओसरेल असं दिसत नाही.

म्हणून मी 'पेनकिलर' पुन्हा पाहिली, सहाही भाग. 'डोपसिक' आधी पाहिली होती, पॅट्रिक रॅडन कीफचं 'एम्पायर ऑफ पेन' वाचलं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी यातलं एखादं तरी पाहिलं-वाचलं असेल. मला या तिघांबद्दल बोलायचंय, पण पडद्याच्या अलीकडून नाही, तर पेशंटच्या डोक्याशी उभं राहून. काकूंना या कथांनी काय शिकवलं आणि काय सांगायचं राहून गेलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी चांगलं ते सांगते. 'पेनकिलर'चा प्रत्येक भाग सुरू होतो तो एका खऱ्या आईने किंवा बापाने. कथेत काही भाग काल्पनिक आहे, असं निवेदन ते वाचतात आणि मग कागद खाली ठेवून म्हणतात, माझं मूल मात्र काल्पनिक नव्हतं. त्या दीड-दोन मिनिटांत जे आहे ते पुढच्या तासाभरात पुन्हा सापडत नाही. पुढे दिग्दर्शक पीटर बर्गला घाई झालेली असते. गाणी, झगमगाट, ऑक्सिकॉन्टिन विकणाऱ्या मुलींच्या गाड्या, आणि रिचर्ड सॅकलर झालेला मॅथ्यू ब्रॉडरिक आपल्या मेलेल्या काकाच्या भुताशी गप्पा मारतोय. त्या भुताला जेवढा वेळ मिळतो तेवढा एखाद्या डॉक्टरला मिळाला असता तर बरं झालं असतं. ग्लेन क्रायगर नावाच्या टायरवाल्याच्या पाठीला इजा होते, दवाखाना होतो, आणि कॅमेरा थेट गोळ्यांच्या बाटलीवर. मधलं सगळं गायब.

'डोपसिक' जास्त प्रामाणिक आहे. मायकेल कीटनचा डॉक्टर फिनिक्स हा खेड्यातला भला माणूस. त्याच्या हातून पाप घडतं ते भलेपणामुळेच, आणि मग तो स्वतःच त्या गोळीच्या आहारी जातो. शिवाय या मालिकेने एक कठीण गोष्ट रंजक केली आहे. सरकारी वकील एका 'अभ्यासा'च्या मागावर निघतात, आणि हाती लागतं ते संपादकांना लिहिलेलं एक पत्र.

ते पत्र खरं आहे. १९८० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये पोर्टर आणि जिक या दोघांनी लिहिलेलं, जेमतेम पाच वाक्यांचं. इस्पितळात दाखल असताना अफूच्या जातीचं औषध मिळालेल्या ११,८८२ पेशंटांमध्ये व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची सापडली, असं त्यात म्हटलं होतं. बस. किती दिवस दिलं, घरी गेल्यावर काय झालं, यातलं काही नाही. पत्र खोटं नव्हतं. ते इस्पितळातल्या खाटेबद्दल होतं. पुढे कंपन्यांचे विक्रेते आणि व्याख्याते तेच आकडे घेऊन पाठदुखीवाल्यांच्या घरी, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्यांवर लावत गेले. ऑक्सिकॉन्टिनला मान्यता मिळाली १९९५ च्या डिसेंबरात. त्यानंतर काय झालं ते कीफने पानापानांवर लिहून ठेवलंय.

आता काकूंकडे बघा. त्यांनी नेमकी तीच चूक उलट दिशेने केली. तेव्हा इस्पितळातली खात्री घरावर लादली गेली. आता रस्त्यावरची भीती ऑपरेशन थिएटरमध्ये आणली जाते. दोन्ही वेळा औषधाचं नाव तेवढं धरून ठेवलं आणि जागा, मात्रा, वेळ, शेजारी कोण उभं आहे, हे सगळं सोडून दिलं. 'पेनकिलर' मुळात ऑक्सिकॉन्टिनवर आहे, फेंटानिलवर नाही. पण ती संपते तेव्हा बघणाऱ्याच्या मनात ऑक्सिकोडोन, हेरॉइन, फेंटानिल यांचा एकच गठ्ठा उरतो, वर 'ओपिऑइड' अशी चिठ्ठी. काकूंचा यात काही दोष नाही. मालिकेने तो गठ्ठा सोडवायला हवा होता.

भीतीला कारण नाही असंही नाही. २०२२ साली या देशात अति मात्रेने एक लाखाहून जास्त माणसं मेली आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश मृत्यूंत कृत्रिम ओपिऑइड, मुख्यतः फेंटानिल, होतं. ते चोरट्या कारखान्यांतलं, कशात किती मिसळलंय याचा पत्ता नसलेलं. २०१६ मध्ये प्रिन्स गेला तो वेदनाशामकासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांतल्या फेंटानिलने. माझ्याकडचं औषध रेणूने तेच आहे. बेल्जियममध्ये पॉल यान्सेनच्या प्रयोगशाळेत १९६० च्या सुमारास ते तयार झालं, ते आमच्यासाठीच, शस्त्रक्रियेसाठीच.

मग आम्ही ते देतो कशाला? हे कुठलीच मालिका सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

तुम्हाला झोप लागते ती प्रोपोफॉलने, त्या पांढऱ्या दुधासारख्या औषधाने. मिनिटभरात. पण झोपलेल्या शरीराला दुखणं कळत नाही असं नाही. त्याची तक्रार करणारा माणूस तेवढा जागेवर नसतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनला पोटात वायू भरतात, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालावी लागते. जीभ बाजूला सारून, धातूचं पातं घशात घालून. त्या क्षणी झोपेतही नाडी ऐंशीवरून एकशे तीसवर जाऊ शकते, रक्तदाब उसळतो. विशीतल्या पोराला काही होत नाही. काकू अडुसष्टच्या, ब्लडप्रेशरची गोळी वीस वर्षं चालू. ती उसळी दाबायला नळीच्या आधी थोडं फेंटानिल देतात. त्याचा जोर अर्ध्या-पाऊण तासात बराच उतरतो. तोवर माणूस माझ्यासमोर, श्वास माझ्या हातात, उतारा असलेलं नॅलोक्सोन कपाटात. या एका मात्रेने व्यसन लागेल ही भीती मला खरोखर वाटत नाही.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, एवढं लांबण न लावता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे बीपी चढू नये म्हणून?" म्हटलं, मुख्यतः तेच. "मग कमीत कमी दे." हे वाक्य मला फार आवडलं, कारण वैद्यकीय दृष्ट्या ते अगदी बरोबर होतं. आणि इथून पुढे मला माझ्याच लोकांवर टीका करायची आहे.

कारण खरं सांगायचं तर आम्ही 'कमीत कमी' देत नाही. आम्ही कुपी देतो. फेंटानिलची नेहमीची कुपी दोन मिलीची असते, शंभर मायक्रोग्रॅम. वजनाप्रमाणे, वयाप्रमाणे मोजून द्यायचं असं पुस्तकात आहे, पण भल्या सकाळी पहिल्या केसला दोन मिली, दुसऱ्या केसलाही दोन मिली. पन्नास किलोच्या आजीला दोन आणि एकशे दहा किलोच्या फुटबॉलवाल्यालाही दोन. मात्रा डॉक्टर ठरवत नाही, काचेचा कारखाना ठरवतो. उरलेलं टाकायचं तर साक्षीदार बोलवा, सही घ्या, संगणकात नोंद करा. त्यापेक्षा देऊन टाकलेलं सोपं. हे कोणी कबूल करत नाही, पण भूल देणाऱ्या कुणालाही चहा पाजून विचारा.

दुसरं, वेळेचं. शिरेतून दिलेल्या फेंटानिलचा जोर पूर्ण चढायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आम्ही बऱ्याचदा ते देतो, लगेच मागून प्रोपोफॉल ढकलतो आणि दीड मिनिटात नळी घालतो. म्हणजे ज्या क्षणासाठी दिलं तो क्षण निघून गेल्यावर औषध कामाला लागतं, आणि मग सर्जन चाकू मागायच्या आधी रक्तदाब खाली बसलेला असतो. स्वयंपाकात फोडणी वरण वाढून झाल्यावर द्यावी तसं.

तिसरं, सवयीचं. घशाच्या वरच बसणारा मास्क पुरतो अशी छोटी ऑपरेशनं असतात, जागा बधिर करून होणारी हाताची, पायाची कामं असतात. तिथे पातं घशात जातच नाही. तरीही तीच दोन मिली, केवळ हात तसा चालतो म्हणून. आणि त्याचं मोल पेशंट देतो. मळमळ, उलटी, खाज, रेंगाळणारी गुंगी. आउटपेशंट सर्जरीत हे क्षुल्लक नाही. दोन तासांत माणूस गाडीत बसून घरी जायचा असतो. बाई, सिगारेट न ओढणारी, गाडी लागणारी, अशी पेशंट असेल तर उलटीची शक्यता मुळातच साठ टक्क्यांच्या आसपास असते, आणि नंतर ओपिऑइड दिलं तर ऐंशीच्या. आपल्याकडच्या किती काकू-मावश्या या वर्णनात बसतात ते तुम्हीच मोजा.

यावर एक नवी टूम निघाली आहे, 'ओपिऑइड-फ्री' भूल. काही केंद्रं ती जाहिरातीसारखी मिरवतात, ग्लूटेन-फ्री बिस्किटांसारखी. थेंबही न देता, डेक्समेडेटोमिडीन, केटामीन, लिडोकेन वगैरेंची मोट बांधून भूल द्यायची. काही पेशंटांसाठी हे उत्तम, मी स्वतः करते. पण 'फ्री' या शब्दाला भुलू नका. फ्रान्समध्ये डेक्समेडेटोमिडीन आणि रेमिफेंटानिल यांची तुलना करणारी एक मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. ती मध्येच थांबवावी लागली, कारण ओपिऑइड न दिलेल्या गटात काही जणांची नाडी धोकादायक इतकी मंदावली. शिवाय २०२३ च्या 'जामा सर्जरी'मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नोंदींवरचा अभ्यास आला. ऑपरेशनदरम्यान ओपिऑइड जास्त मिळालेल्यांना नंतर रिकव्हरी रूममध्ये दुखणं कमी होतं आणि तिथे औषधही कमी लागलं. नुसत्या नोंदींवरचा अभ्यास आहे, कारण आणि परिणाम त्यातून सिद्ध होत नाहीत. पण आत कमी दिलं की बाहेरही कमी लागेल, हे गृहीत धरायला आधार नाही, एवढं तरी कळतं.

मी मुंबईत शिकले तेव्हा हा प्रश्नच नव्हता. फेंटानिल कुलपात, नोंदवहीत दोन सह्या, रिकामी कुपी परत केल्याशिवाय नवी नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचा धाक असा की, बऱ्याच ठिकाणी ते ठेवतच नसत. आम्ही पेंटाझोसिनवर काम भागवायचो, आणि कॅन्सरचे पेशंट मॉर्फिनवाचून तळमळायचे. कायदा २०१४ मध्ये सैल झाला. त्या काळाबद्दल मला गोडवा नाही. पण एक गोष्ट लक्षात राहिली आहे. पित्ताशय काढलेली बाई पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकवर घरी जायची. दुखायचं, पण जायची.

आणि इथे मी त्या गोष्टीशी येते, जिच्याबद्दल काकूंनी काहीच विचारलं नाही.

काकूंना मी एक मिली दिलं, अर्धी कुपी. चार मिनिटं थांबून मग प्रोपोफॉल. सर्जनने छिद्रांच्या जागा बधिर केल्या, मी दाह कमी करणारी आणि उलटी थांबवणारी औषधं दिली. अकराच्या सुमारास काकू रिकव्हरीत आल्याचं सरबत पीत होत्या. सगळं नीट. त्याच वेळी सर्जनच्या संगणकातून, त्याने बहुधा न बघता, नेहमीची चिठ्ठी त्यांच्या फार्मसीला गेली. ऑक्सिकोडोन, पाच मिलीग्रॅम, तीस गोळ्या.

तीस का? न्यू जर्सीत २०१७ पासून कायदा आहे. तात्पुरत्या दुखण्यासाठी पहिल्या वेळी पाच दिवसांपेक्षा जास्त ओपिऑइड लिहायचं नाही. दर चार तासांनी एक, पाच दिवस. तीस. जी कमाल मर्यादा होती तीच नेहमीची मात्रा झाली. धोके समजावून सांगा असंही तो कायदा म्हणतो. ते समजावणं सकाळी सह्या केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठेतरी असणार. मिशिगनमध्ये या विषयावर काम करणाऱ्या एका गटाने प्रत्यक्ष पेशंट किती गोळ्या घेतात ते विचारून याद्या केल्या आहेत. या ऑपरेशनला त्यांची शिफारस आहे शून्य ते दहा. आणि २०१९ मधल्या एका तुलनेत पित्ताशय, अपेंडिक्स अशा चार साध्या ऑपरेशनांनंतर आठवड्याभरात ओपिऑइडची चिठ्ठी फार्मसीतून भरून घेणारे अमेरिकेत आणि कॅनडात चारांतले तिघे निघाले, स्वीडनमध्ये नऊजणांत एक. स्वीडिश माणसाचं पोट काही वेगळ्या मातीचं नसतं.

२०१७ मध्ये मिशिगनच्याच संशोधकांनी दाखवलं होतं की, आधी कधी ओपिऑइड न घेतलेल्या माणसांपैकी सुमारे सहा टक्के जण ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी, त्याच्याही पुढे, चिठ्ठ्या भरत राहतात. ऑपरेशन लहान असो वा मोठं, प्रमाण जवळपास तेच. ऑपरेशन न झालेल्यांत ते अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणजे 'पेनकिलर'चा ग्लेन क्रायगर अपवाद नाही. तो आमच्याच मागच्या दाराने बाहेर पडतो, हातात कागदी पिशवी घेऊन.

या मालिकांवरची माझी तक्रार इथे आहे. त्यांनी खलनायक अचूक पकडला. कंपनी, कुटुंब, मान्यता देणारा आणि मग त्याच कंपनीत नोकरीला लागणारा सरकारी अधिकारी, सगळे दोषी, यात वाद नाही. पण खलनायक एवढा ठसठशीत रंगवला की रोजच्या सवयी फ्रेमच्या बाहेर राहिल्या. संगणकात आधीच भरून ठेवलेली तीसची संख्या, 'दुखणं शून्य ते दहांत किती' असं विचारून मग समाधानाची प्रश्नावली पाठवणारं सेंटर, आपला पेशंट रिकव्हरीतून गेला की हात धुऊन टाकणारी माझ्यासारखी भूलतज्ज्ञ. सॅकलर कुटुंबाने कुणाला पैसे दिले नाहीत तरी ही तीसची चिठ्ठी जातच राहते. कीफचं पुस्तक या बाबतीत सर्वांत खोल असूनही ते शेवटी एका घराण्याचा इतिहास आहे, आणि घराण्याच्या इतिहासात नर्स, फार्मसीची खिडकी, बाथरूममधलं कपाट यांना जागा नसते. 'डोपसिक'च्या फिनिक्सला ती थोडीफार मिळाली, म्हणून मी तिला वर ठेवते.

मीही विचारलं नाही. एक मिली की दोन यावर मी काकूंशी सात-आठ मिनिटं बोलले, आणि तीस गोळ्यांवर एक वाक्यही नाही. ते सर्जनचं खातं, असं आम्ही समजतो.

दुसऱ्या दिवशी फोन करायचं काम नर्सचं असतं, पण काकूंना मी केला. आवाज खणखणीत होता. रात्री एक गोळी घेतली, पोटात ढवळलं, मग साधी टायलेनॉल घेऊन झोपल्या. पोटापेक्षा खांदा जास्त दुखतोय म्हणाल्या. त्या वायूमुळे तसं होतं, मी सांगितलं. मग आठवण झाल्यासारखं विचारलं, "अगं, त्या एकोणतीस उरल्यात. डिसेंबरात नाशिकला जातेय, धाकट्या बहिणीचे गुडघे फार दुखतात. तिला नेल्या तर चालतील ना? तिकडे मिळत नाहीत म्हणे अशा."

मी म्हटलं, काकू, नेटफ्लिक्सवर जे बघितलंत ना, ते हेच.

थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "पण बाटलीवर तर फेंटानिल लिहिलेलं नाही."

मी त्यांना फार्मसीत जुनी औषधं टाकायची पेटी कुठे असते ते सांगितलं. शनिवारी मुलगा नेऊन टाकेल म्हणाल्या.